थॉर्नबरीचा भाव

जाजा, म्हणजे आजोबा, होता तोवर ईस्टरचं अंडं तोच कापायचा. तो गेल्यानंतरचा हा पहिलाच ईस्टर, त्यामुळे सुरी कुणाच्या हातात जाणार यावर बर्नडेटनं मनातल्या मनात पैज लावून ठेवली होती. थोरला म्हणून रे काका, की दुकान सांभाळतो म्हणून डॅड? बुशानं, म्हणजे आजीनं, दोन्ही मुलांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चर्चमधून पवित्र करून आणलेल्या टोपलीतलं अंडं तिनं उचललं, टेबलाच्या कडेवर टिचवलं, सोललं, आणि नवऱ्याची सुरी एप्रनच्या खिशातून काढून त्याचे सात तुकडे केले. सातही सारखे. पोलंडहून अमेरिकेत येताना या घराण्यानं फारसं काही आणलं नव्हतं, पण ही रीत मात्र न सांडता आणली होती. अंडं एक, माणसं कितीही, तुकडा सगळ्यांना सारखा. तो हातात घेऊन एकमेकांना शुभेच्छा द्यायच्या आणि मगच हॅमकडे वळायचं.

बर्नडेट अकरा दिवसांपासून जमिनीवर चालत नव्हती. निदान तिची आई जोन तरी तसं म्हणायची. अकरा दिवसांपूर्वी थॉर्नबरी कॉलेजचं पत्र आलं होतं. गेल्या उन्हाळ्यात सरोवरात शेवाळ माजलं आणि टोलीडोच्या नळाचं पाणी तोंडाला लावू नका असं साऱ्या शहराला सांगण्यात आलं, तेव्हा बाकीचे लोक पाण्याच्या बाटल्यांसाठी रांगा लावत होते आणि ही पोरगी मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या घेऊन किनाऱ्यावर हिरवं पाणी भरत होती. थॉर्नबरीला स्वतःचं तळं होतं, तळ्याकाठी पाण्याची प्रयोगशाळा होती, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांनाही तिथे होडी वल्हवत जाऊन नमुने आणू देत. अर्जाच्या निबंधात तिनं त्या बरण्यांबद्दलच लिहिलं होतं. आणि त्यांनी तिला घेतलं होतं. तिला, लेनर्ड पिलार्स्की खिळेवाल्याच्या मुलीला. शाळेत मागच्या बाकावर पुटपुटत उत्तर देणारी बर्नडेट आता हात वर करून, उभी राहून, वर्गाच्या भिंतींना ऐकू जाईल असं बोलायला लागली होती.

बुशानं तिच्या तळहातावर अंड्याचा तुकडा ठेवला आणि म्हणाली, थॉर्नबरीला जा, पोटभर शीक, आणि तिकडच्या थंडीत लोकरीचे मोजे घाल. बर्नडेटनं तिला मिठी मारली.

मग रे काका आला. मोठा, लालबुंद, हसरा. सरोवराकाठी त्याचा जुन्या बोटींचा धंदा होता, आणि बोट विकताना माणसाच्या पाठीवर थाप मारायची सवय त्याच्या हाताला जडली होती. त्याचा कॉलिनही थॉर्नबरीलाच निघाला होता. बर्नडेटच्याच वर्गातला, तिच्याहून दोन महिन्यांनी लहान, आणि गणितात तिच्या वहीवर जगलेला.

"दोघं एकाच तळ्यात पोहणार," काका म्हणाला, आणि पाठीवर थाप बसली. मग तो भावाकडे वळला. "लेनी, मी त्यांना एकतीसवर आणलं. तू कितीवर आणलंस?"

डॅडच्या हातात अंड्याचा तुकडा तसाच होता. "कितीवर म्हणजे?"

"भाव रे. एकोणसाठ हजार डॉलर म्हणतात ना वर्षाचे. मी एक पत्र टाकलं. म्हटलं, दुसरं कॉलेज आम्हाला कमीत घेतंय, तुमचं काय? आठवड्यात उत्तर आलं. कॉलिनला हुशारीची शिष्यवृत्ती." काका स्वतःच हसला. "आमच्या कॉलिनला. हुशारीची."

कॉलिननं कान लाल करून लोण्याच्या कोकराकडे पाहिलं. टेबलाच्या मधोमध ते कोकरू बसलं होतं, मिऱ्यांचे दोन डोळे लावलेलं, आणि त्याचं डोकं पहिल्यांदा कोण कापणार यावरून दरवर्षी होणारी चेष्टा या वर्षी कुणी केली नाही.

"आम्ही काही आणलं नाही," डॅड म्हणाला. "जो भाव आहे तो आहे."

बर्नडेटला हसू आलं होतं, ते ओठांवरच थांबलं. एकोणसाठ हजार हा आकडा तिनं पाहिला होता, पण ती नोव्हेंबरमधली गोष्ट. अर्जाची सगळी पानं तिनं भरली होती, फक्त पैशाचं पान डॅडनं स्वतःकडे घेतलं होतं. त्यात आपल्यासाठी काही नाही, मी बघतो, असं म्हणून त्यानं एका चौकटीत खूण केली होती आणि कॉम्प्युटर तिच्याकडे परत सरकवला होता. डॅड मी बघतो म्हणाला की तो बघायचा. छप्पर गळो की गाडी बंद पडो, आजवर त्यानं बघितलंच होतं.

"कोणत्या चौकटीत?" मेरिडिथ काकूनं विचारलं. रे काकाची ही बायको शहरातल्या एका छोट्या कॉलेजात अठरा वर्षं फीच्या खिडकीमागे बसत होती, आणि तिचा आवाज खिडकीमागच्या माणसांचा असतो तसाच होता, हळू आणि सरळ. "लेन, आम्हाला मदत नको, अशी चौकट होती का ती?"

डॅड म्हणाला, हो, तीच. मदत गरिबांसाठी असते. आपलं दुकान आहे, घर आहे. दुसऱ्या कुणाच्या पोराचा वाटा आपण का घ्यायचा?

काकूनं हातातला काटा खाली ठेवला. पुढचं सगळं ती कुणाला दुखवायचं नाही अशा बेतानं बोलली, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. ती म्हणाली, तो आकडा कुणी भरत नाही. पाचातला एखादा भरत असेल. काही कॉलेजांना मेलेल्या श्रीमंतांनी मागे ठेवलेले पैसे असतात, ती वाटून देतात. सरकारी कॉलेजांना आपल्या राज्याच्या पोरांसाठी तिजोरीतून मिळतं, म्हणून त्याच बाकावर बसलेला शेजारच्या राज्यातला पोरगा दुप्पट-तिप्पट भरतो. आणि बाकीच्यांचं काय? सप्टेंबरात वसतिगृहातली खाट रिकामी राहिली की ती शिळ्या पावासारखी असते, म्हणून ज्याला जसं परवडेल तसं देऊन ती भरतात.

"मग पाटीवर खरा आकडा का लिहीत नाहीत?" बर्नडेटनं विचारलं.

"आमच्या कॉलेजनं एकदा लिहिला होता. फी सरळ कमी केली. त्या वर्षी अर्ज निम्म्यावर आले. लोकांना वाटलं, स्वस्त आहे म्हणजे काहीतरी खोट असणार. पुढच्या वर्षी पाटी पुन्हा चढवली आणि आतून सूट द्यायला लागलो. सगळे खूश."

"लेननं कागद दाखवले असते तर आम्हाला किती पडलं असतं?" हे जोननं विचारलं. बर्नडेटची आई शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि जेवणाच्या टेबलावर सहसा वाढण्यापुरतंच बोलायची.

काकूनं उत्तर द्यायला वेळ लावला. मग म्हणाली की नक्की सांगता येत नाही, पण दुकानाची कमाई पाहता अठरा हजार. फार तर वीस.

कॉलिनहूनही कमी. रे काकाच्या हसण्यातली सगळी हवा गेली. त्याला धाकट्या भावाला जरासं डिवचायचं होतं, इतकं आत सुरी घालायची नव्हती.

डॅड मात्र ताठ बसला होता. त्यानं विचारलं, फलकावर काय लिहिलंय, आठवतं का कुणाला? सगळ्यांना आठवत होतं. पिलार्स्की हार्डवेअरच्या गल्ल्यामागे जाजानं स्वतःच्या हातानं रंगवलेला तो फलक पंचावन्न वर्षं लटकत होता. भाव एकच, माणूस कुणीही असो. त्याच फलकाखाली बावीस वर्षांपूर्वी रे काकानं एका मित्राला कुलुपावर सूट दिली होती, आणि जाजानं त्याच संध्याकाळी त्याच्याकडून किल्ल्या परत घेतल्या होत्या.

"जाजा पोरगा होता तेव्हा या रस्त्यावरचे दुकानदार आधी त्याचा उच्चार ऐकायचे, मग त्याचे बूट बघायचे, आणि मग खिळ्यांचा भाव सांगायचे," डॅड म्हणाला. "म्हणून त्यानं तो फलक लावला. आता हे लोक काय करतात? बाप काय कमावतो, घर केवढ्याचं, बँकेत काय आहे, सगळं विचारतात. आणि मग भाव सांगतात. मी नाही माझा खिसा उलटा करून दाखवणार. त्यापेक्षा पूर्ण भरेन."

"म्हणजे बूटवालाच की," बुशा म्हणाली.

डॅडनं आशेनं आईकडे पाहिलं. म्हाताऱ्या बाईनं बीटच्या तिखट चटणीचा वाडगा स्वतःकडे ओढला होता आणि ती बोलता बोलता वाढून घेत होती. ती सांगू लागली. ती सात वर्षांची असताना तिच्या आईनं तिला बूट घ्यायला नेलं. दुकानदारानं विचारलं, नवरा कुठे कामाला? नवरा काचेच्या कारखान्यात होता, पगार चांगला होता. आई म्हणाली, बेकार आहे हो. डोळ्यात पाणीसुद्धा आणलं. बूट निम्म्या भावात घरी आले.

डॅडनं हातातला अंड्याचा तुकडा ताटात ठेवला.

"जाजाला हे माहीत होतं?" डॅडनं विचारलं.

"त्याला कशाला सांगू? त्यानं एवढा छान फलक रंगवला होता." बुशानं चटणी चाखली. "बाहेर बर्फ होता, लेनर्ड. पोरीचे पाय गारठत होते. तुझ्या बापाचं बरोबर होतं आणि माझ्या आईचंही बरोबर होतं. पण बूट माझ्या आईनं आणले."

मग ती सहज म्हणाली, की पूर्ण भरणार म्हणतोस ते कशातून? उत्तर जोननं दिलं, ताटाकडे पाहत.

"उद्या दोन वाजता बँकेत जायचंय. दुकानाची इमारत गहाण टाकायला."

बर्नडेटला हे माहीत नव्हतं. बुशालाही नव्हतं. म्हातारीचा चमचा वाडग्यातच राहिला. जोन एकदा बोलायला लागली ती थांबली नाही. नोव्हेंबरात तिनं सगळे कागद काढून ठेवले होते, पगाराच्या पावत्या, कराचे कागद, मोठ्या पाकिटात, टॉवेलांच्या खणात. एकदा भरून तर बघू म्हणाली होती. लेन नको म्हणाला, आणि तीही गप्प बसली. पाकीट अजून टॉवेलांखालीच आहे.

"मी तेव्हाच पाठवायला हवं होतं," ती म्हणाली. "तुझ्या पाठीमागे."

डॅडनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू त्याच्या दुकानात कुणी परकी बाई गल्ल्यामागे उभी राहिली होती.

रे काका उठून खिडकीपाशी गेला होता. तो तिथूनच म्हणाला की उद्या सकाळी मी फोन करतो, ही बोलणी माझी रोजची आहेत, द्या माझ्यावर सोडून. आणि गंमत म्हणजे बावीस वर्षांत पहिल्यांदाच जोन त्याच्या बाजूनं मान हलवत होती, बुशाही हलवत होती, आणि डॅड एकटा पडला होता. पण काकूनं नवऱ्याला थांबवलं. थॉर्नबरीचा नियम तिला माहीत होता, कॉलिनच्या वेळी तिनं वाचला होता. प्रवेशाच्या वेळी ज्यांनी मदत नको म्हटलं, त्यांना पहिली दोन वर्षं ती मागता येत नाही.

"असा कसला नियम?" जोन म्हणाली.

"त्यांना आधीच कळायला हवं असतं, कोण पूर्ण भरणार आहे ते. पूर्ण भरणारी काही पोरं प्रत्येक वर्षी लागतात. त्यांच्यावरच बाकीच्यांची सूट निघते. म्हणून घ्यावं की नाही अशा काठावरच्या अर्जांत ते आधी ती चौकट…"

ती मध्येच थांबली. तिनं बर्नडेटकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. पण खिडकीमागे अठरा वर्षं बसलेल्या बाईला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि बर्नडेटला ते वाक्य पुरं करायला कुणाची मदत लागत नव्हती.

"म्हणजे मला बरण्यांमुळे घेतलं नाही," ती म्हणाली. "खुणेमुळे घेतलं."

काकू घाईघाईनं म्हणाली, तसं नाही गं, तसं कुणालाच सांगता येणार नाही. आणि तेच तर होतं. कुणालाच, कधीच, सांगता येणार नव्हतं.

बर्नडेट मागच्या पायरीवर जाऊन बसली. एप्रिलचं ऊन होतं, पण त्यात ऊब नव्हती. अंड्याचा तुकडा अजून तिच्या मुठीत होता, चुरा झालेला. थोड्या वेळानं कॉलिन आला आणि एक पायरी सोडून खाली बसला. तो म्हणाला, तुझे मार्क माझ्याहून किती जास्त आहेत ते साऱ्या शाळेला माहीत आहे. मला हुशारीचे पैसे दिले, म्हणजे त्यांना काय कळतं ते बघ. हे तो चांगल्या मनानं बोलला. बर्नडेटनं त्याला म्हटलं, होडी वल्हवताना उलटा बसू नकोस, तू कायम उलटा बसतोस. तो हसला, मग ती एकट्या त्याच्याच होडीबद्दल बोलतेय हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो हसायचा थांबला.

आत ताटांचा आवाज सुरू झाला होता. हॅम शेवटी कुणीतरी कापलं होतं. लोण्याचं कोकरू संध्याकाळपर्यंत डोक्यासकट तसंच राहिलं आणि कडेनं वितळत गेलं.

सोमवारी शाळेला सुट्टी होती, म्हणून बर्नडेट दुकानात आली. डॅडनं एप्रनखाली टाय बांधला होता. जाजाच्या अंत्यविधीला घातला होता तोच काळा, त्याच्याकडे दुसरा नव्हता. दोन वाजायला अजून साडेतीन तास होते. तो मागच्या खोलीत बिजागऱ्यांची खोकी उघडत होता आणि कालपासून कुणाशीही धड बोलला नव्हता. सकाळी घरातून निघताना तिनं त्याला सांगितलं होतं की मी स्वतः फोन करून विचारते. त्यानं नको म्हटलं नाही. कर म्हणालाही नाही.

तिनं गल्ल्यामागच्या उंच स्टुलावर बसून नंबर फिरवला. पलीकडची बाई फार गोड होती. तिनं बर्नडेटचं नाव शोधलं, अभिनंदन केलं, सगळं ऐकून घेतलं, आणि तितक्याच गोडपणानं सांगितलं की दोन वर्षं काही करता येणार नाही. तिसऱ्या वर्षी अवश्य अर्ज करा. घरचे पहिली दोन वर्षं सांभाळून घेतील ना?

बर्नडेटनं वर पाहिलं. फलकाच्या कोपऱ्यातला रंग उडाला होता आणि खालचं लाकूड दिसत होतं. या भिंती, वरची माळ्याची खोली, बाहेरचा लोखंडी जिना, हे सगळं मिळून जवळपास दोन वर्षांच्या थॉर्नबरीइतकं होत होतं. तिनं हा हिशेब रात्रभर केला होता आणि प्रत्येक वेळी तो तसाच आला होता.

एक गोष्ट तिला विचारायची होती. माझा निबंध कुणी वाचला का? नुसतं हो की नाही सांगा. ओठांपर्यंत आलं होतं. पण ती बाई काय म्हणणार हेही तिला ठाऊक होतं. हो, अर्थातच, आम्हाला फार आवडला. आणि मग बर्नडेट त्या "अर्थातच"ला जन्मभर खरवडत बसली असती.

"माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या," ती म्हणाली. आवाज स्वच्छ आला, वर्गात उभं राहून बोलायची तसा. बाईनं विचारलं, नक्की ना? तिनं हो म्हटलं, आभार मानले, फोन ठेवला. शहरातल्या सरकारी विद्यापीठाचं पत्रही दोन आठवड्यांपूर्वी आलं होतं. घरून बसनं पंचवीस मिनिटं. ते तिनं नीट वाचलंही नव्हतं. त्यांच्याकडे पाण्याचं काही शिकवतात का, हे तिला आता शोधावं लागणार होतं.

डॅड मागच्या खोलीतून आला. त्याच्या हातात बिजागऱ्यांचं खोकं होतं आणि मनगटावर किमतीच्या चिकटपट्टीची गुंडाळी अडकवलेली. तो गल्ल्याच्या पलीकडे उभा राहिला, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे.

"काय म्हणाले?"

त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. टायची गाठ एका बाजूला सरकली होती. जोन बांधून द्यायची ती, आज त्यानं स्वतः बांधली होती.

"भाव एकच आहे म्हणाली," बर्नडेटनं सांगितलं. "माणूस कुणीही असो."

डॅडनं तिच्याकडे पाहिलं. कॉलिनचं पत्र त्यानं काल स्वतःच्या हातात धरून वाचलं होतं, एकतीस हजारांवर बोट ठेवून. बाहेर एक ट्रक गेला आणि खिळ्यांचे डबे किणकिणले.

"मग बरोबर आहे," तो शेवटी म्हणाला.

"टाय काढ, डॅड. बँकेत नाही जायचं."

त्यानं टाय काढला नाही. त्यानं खोकं गल्ल्यावर ठेवलं, पहिली बिजागरी उचलली, आणि चिकटपट्टीचं टोक नखानं सोडवायला लागला. ते त्याला सुटेना. बर्नडेटनं त्याच्या मनगटावरची गुंडाळी काढून घेतली, टोक सोडवून धरलं, आणि तो एकेक किंमत फाडून एकेका बिजागरीवर लावत गेला. सगळ्यांवर सारखी.